घरतभाऊ गाणं सांगतात

घरतभाऊ गाणं बघत नाहीत आणि ऐकतही नाहीत. ते गाणं सांगतात.

म्हणजे समोर टीव्हीवर गाणं चालू असतं. बसमधल्या सगळ्यांना ते दिसत असतं, आणि आवाज इतका मोठा असतो की नको म्हटलं तरी कानात शिरतो. तरीही पहिल्या सीटवरचे घरतभाऊ मागे वळतात, एक हात दांडीला, दुसरा हवेत, आणि सुरू होतात : "आता बगा, डाव्या हाताला जिना हाय. लाकडी. जिन्यावर ती बाय उभी. साडी पिवळी, पण हळदीसारखी नाय, पिकल्या केळ्यासारखी. केस मोकळे. आता उतरेल. उतरली. दिसलं?"

"दिसलं!" आम्ही सगळे ओरडायचो. न ओरडून चालायचं नाही, कारण मग भाऊ त्या बाईला परत जिन्याच्या वरच्या पायरीवर नेऊन उभी करायचे.

ही बस आमच्या कंपनीची. सकाळी पेणहून सुटते, वडखळ, नागोठणे करत भिसे खिंडीतून रोह्याला उतरते आणि धाटावला केमिकल कारखान्याच्या गेटात आम्हाला सोडते. हायवेचं काम चालू आहे. माझी मुलगी शाळेत जायच्या आधीपासून चालू आहे आणि ती आता दहावीला आहे. तेव्हा प्रवास लांबतो, पाठी दुखतात, आणि त्यावरचा उतारा म्हणून आमचे ड्रायव्हर इक्बालभाई टीव्हीला पेनड्राइव्ह लावतात. पेणच्या ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह असा विनोद कंपनीत नवीन लागलेला प्रत्येक जण एकदा करतो. आम्ही त्याला माफ करतो.

त्या पेनड्राइव्हमध्ये केबलच्या जमान्यातली गाणी आहेत. सिनेमातली नव्हेत, अल्बमची. एक मुलगी, एक मोटारसायकल, भरपूर धूर, आणि गाणं संपेपर्यंत प्रेम जमून, मोडून, पुन्हा जमलेलं. मधूनमधून किनाऱ्यावर चित्रण केलेली कोळीगीतं. एकदा पॅकिंगमधल्या कोणी नव्या गाण्यांचा पेनड्राइव्ह आणला. भाऊंनी थोडा वेळ प्रयत्न केला आणि घाम पुसला. "यात सांगायचं काय? पापणी हलायच्या आत चित्र बदलतं. माणूस कुठं उभा हाय ते सांगेपर्यंत तो दुबईला पोचतो. काढा ते." इक्बालभाईंनी मुकाट्याने काढलं.

मी लॅबमध्ये आहे, भाऊ सेफ्टीत. आयुष्य 'हेल्मेट घाला' आणि 'जिन्याला धरून उतरा' हे सांगण्यात गेलेलं. त्यामुळे गाणं सांगतानाही त्यांच्यातला सेफ्टीवाला गप्प बसत नाही. एका गाण्यात मुली चंदेरी कपडे घालून पांढऱ्या धुरात नाचतात. भाऊ दर वेळी कळवळतात, "गॅस सुटलाय नि ह्या पोरी नाचतायत! वारा कुठनं येतो ते तरी बगा गो!" एका गाण्यात नायक जळत्या मशालींमधून मोकळे केस उडवत चालतो. "ह्याला गेटवरनंच परत पाठवला असता मी." कोळीगीतातल्या बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्या रिकाम्या आहेत हे त्यांना सहन होत नाही. "मासळी असली की मान अशी वळत नाय. कंबर वळते." आणि त्यातला नायक पांढरे बूट घालून चिखलातून धावत येतो तेव्हा भाऊ फक्त एवढंच म्हणतात, "त्याच्या आईचा विचार करा."

पण थट्टा करताना ते कुणालाही वाईट म्हणत नसत. पाचव्या ओळीत नाचणारी, कॅमेऱ्यात अर्धीच येणारी मुलगीही त्यांच्या सांगण्यातून सुटायची नाही. "मागं ती निळ्या परकरातली. तिचा पाय चुकला. पण हसली. शाब्बास."

एक मात्र कोडं होतं. एका गाण्यात एक मुलगी सामान घेऊन एका आडबाजूच्या स्टेशनावर बसलेली असते. गाडी निघून गेलेली. ती रडते, गाते, पुन्हा रडते. मग तिचा तो तिला न्यायला येतो, रिक्षातून. साधी, काळी-पिवळी रिक्षा. आणि घरतभाऊ सांगायचे, "आता लांबनं पांढरा घोडा येतो. दौडत. आयाळ वाऱ्यावर."

"भाऊ, रिक्षा आहे ती!" मागून कोणी तरी ओरडायचं.

भाऊ दचकायचे. टीव्हीकडे बघायचे. "व्हय की," म्हणायचे आणि पुढे वळून बसायचे. पुढच्या वेळी पुन्हा घोडा.

आम्हाला वाटलं, वय झालं.

एका पावसाळ्यात नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि आमची बस दुपारभर अडकून पडली. बॅटरी उतरू नये म्हणून टीव्ही बंद. बाहेर तांबडं पाणी चढत होतं. घरी फोन लागत नव्हते, आणि बसमध्ये हळूहळू ती भीती पसरू लागली, जी कोणी बोलून दाखवत नाही. तेव्हा घरतभाऊ उठले, मागे वळले आणि त्यांनी बंद टीव्हीवरचं गाणं सांगायला सुरुवात केली. डोंगरावरचं एक घर. निळ्या भिंती. खिडकीचा पडदा आधी आत येतो, मग बाहेर जातो. एक बाई नहाणीतून येते, केस पुसते, पुसता पुसता खिडकीपाशी थांबते. काहीच होत नाही त्या गाण्यात. ती नुसती कुणाची तरी वाट बघते. पण बस शांत झाली. मी डोळे मिटून घेतले होते, आणि मला तो पडदा दिसत होता. इतका स्पष्ट की त्यावरची फुलं मोजता आली असती.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस हे सगळं डोळे उघडे असणाऱ्यांसाठी करत नसावा.

खरं काय ते कळलं ते डब्यामुळे. एका शनिवारी भाऊ आपला जेवणाचा डबा बसमध्ये विसरले. माझं घर त्यांच्या गल्लीपासून जवळ, म्हणून इक्बालभाईंनी तो माझ्या हाती दिला. गेले तर दार उघडंच. आतून त्या स्टेशनवरच्या गाण्याचा आवाज, आणि त्यावर भाऊंचा.

"आता तिनं डोळे पुसले. पदरानं नाय, हाताच्या मागच्या बाजूनं. नि आता लांबनं..."

"घोडा," एक बाई म्हणाली.

"घोडा. पांढरा."

त्या वत्सलावहिनी, भाऊंची बायको. जमिनीवर बसून बिरड्यासाठी वाल सोलत होत्या. बोटं भराभर चालली होती. साल एकीकडे, डाळ एकीकडे, एकही चुकत नव्हता. मान टीव्हीकडे नव्हती, भाऊंच्या आवाजाकडे होती. मी 'वहिनी' म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्या दिशेने हसून बघितलं, पण माझ्या थोडं बाजूला.

साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली होती. आधी एक डोळा, मग दुसरा. मूलबाळ नव्हतं. दिवसभर घरात एकट्या, आणि आवड एकच. केबल पहिल्यांदा पेणला आली तेव्हापासूनची ही गाणी. म्हणून भाऊ घरी आले की गाणी लावायचे आणि सांगायचे. वर्षानुवर्षं सांगून सांगून जिभेला असं वळण पडलं की बसमध्येही ती थांबेना.

"बसा गो बाय," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं गाणं ऐकून जा. टीव्हीतल्यापेक्षा बरं असतं."

पुढे वर्षभराने एका संध्याकाळी परतीच्या बसमध्ये भाऊ गप्प होते. टीव्हीवर चंदेरी मुली धुरात नाचत होत्या आणि त्यांच्या जीवाची काळजी करणारं कोणी नव्हतं. वडखळच्या पुढे ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"मॅडम, डॉक्टर म्हणाला, वच्छीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन करू. खात्री नाय म्हणाला. पण थोडं दिसेल, दिसलं तर."

"अहो, मग चांगलंच की!"

"चांगलंच हाय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणला. "पण तिला दिसलं तर?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. ते सांगू लागले, आणि ऐकता ऐकता माझंही हसू गेलं.

सुरुवात घोड्यापासून झाली होती. नजर गेल्यावर वहिनी फार खचल्या होत्या, जेवायच्या नाहीत. त्या दिवसांत भाऊंनी रिक्षाच्या जागी घोडा आणला आणि त्या किंचित हसल्या. मग गाण्यागाण्यात काहीबाही येऊ लागलं. कुठे मोर, कुठे तळ्यात कमळं. गाण्यांत खपतं असं दिसल्यावर घरातही आलं. वहिनींना बाहेरची खोली त्या डोंगरावरच्या घरासारखी निळी हवी होती. रंगाचे पैसे डोळ्यांच्या इंजेक्शनांत गेले. त्या महिनाभर नागोठण्याला भावाकडे राहून आल्या तेव्हा भाऊंनी सांगून टाकलं, खोली निळी झाली. वहिनी रोज संध्याकाळी त्या पोपडे आलेल्या चुन्याच्या भिंतीला टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, निळ्या खोलीत कसं गार वाटतं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "तुमचं काय सांगितलंय?"

भाऊंनी टकलावरून, मग पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला. "टक्कल तिला हाताला लागतं. पण मिशी काळी हाय."

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट इक्बालभाईंना कळली, म्हणजे बसला कळली. खोली निळी करायला रविवार ठरला. वहिनींना ऑपरेशनच्या आधी विश्रांती म्हणून भावाकडे पोचवलं होतं, तिथूनच परस्पर पनवेलच्या हॉस्पिटलात न्यायचं. आम्ही पाच-सहा जण ब्रश आणि जुने कपडे घेऊन भाऊंच्या घरी जमलो.

पहिला वाद निळा म्हणजे कुठला निळा. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर ते डोंगरावरच्या घराचं गाणं लावलं, थांबवलं, आणि प्रत्येक मोबाइलवर भिंत वेगळी निघाली. एकाची जांभळी, एकाची हिरवट. शेवटी भाऊच म्हणाले, "दिवाळीनंतर सकाळचं आभाळ असतं ना, धुकं गेल्यावर, तसा. मी तिला तसाच सांगितलाय." इक्बालभाई दुकानात जाऊन हे जसंच्या तसं बोलले. दुकानदाराने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि डबा काढून दिला. बरोबर तोच रंग निघाला.

भिंत मोकळी करताना मी एक फोटो उतरवला. जुनी लाकडी चौकट, काचेवर सुकलेलं अबोलीचं फूल. आत वहिनींची आई असावी. असावी, कारण चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग होता. छप्पर गळून कधीतरी पाणी आत उतरलं होतं. लुगड्याचा काठ आणि मांडीवरचे दोन हात, एवढंच उरलं होतं.

"ती रोज काचेला हात लावते, फूल ठेवते," भाऊ मागून म्हणाले. "रोज विचारते, आई हसते ना? मी म्हणतो, हसते."

"दुसरी प्रत?"

"नाय. एकच काढला होता म्हातारीनं जन्मात."

वहिनींच्या भावाकडे फोन करून विचारलं, त्यांच्याकडेही नव्हता. भिंत निळी करता येत होती, ही गोष्ट करता येण्यासारखी नव्हती. भाऊंनी फोटो पुसला आणि रंग वाळल्यावर होता तिथेच लावला.

सोमवारी भाऊ कंपनीत आले ते काळी कुळकुळीत मिशी घेऊन. ओठावर, गालावर, एका कानाच्या पाळीवरही काळा डाग. गेटवरच्या वॉचमनने त्यांना ओळखपत्र विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ऑपरेशन झालं. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मी रजा टाकून थांबले होते. खोलीत सगळ्या पट्ट्या बांधलेल्या, कोणाचा डावा डोळा, कोणाचा उजवा, आणि सगळ्या कंटाळलेल्या. दुपारी भेटायच्या वेळी भाऊ आले, खुर्ची ओढून बसले आणि वहिनींनी न सांगताच मोबाइलवर गाणं लावलं. स्टेशनवरचं.

"आता बगा, बाकावर ती बसली. बाजूला ट्रंक. हिरवी, पत्र्याची."

आजूबाजूच्या बायका कुशीवर वळल्या. एकीने पाणी पिणं थांबवलं. भाऊंच्या लक्षात आलं की हे खरे ऐकणारे आहेत आणि त्यांचा आवाज खुलला. वॉर्डाला स्टेशन दिसू लागलं, गेलेल्या गाडीचा धूर दिसू लागला. कोणी तरी सुस्कारा सोडला.

"नि आता लांबनं पांढरा घोडा येतो. दौडत..."

शेजारच्या खाटेवर खांब गावची एक आजी होती. तिचा एक डोळा बांधलेला, दुसरा शाबूत. तिने मान लांब करून मोबाइलमध्ये बघितलं.

"कुठला घोडा रं? रिक्षा हाय ती!"

खोलीत हशा पिकला. भाऊ हसले नाहीत. मोबाइल उलटा करून त्यांनी मांडीवर धरला, जणू ती रिक्षा आता लपवता येणार होती.

"आजी, असू दे गो," पट्टीखालून वहिनी म्हणाल्या. "रिक्षाच हाय. डोळे होते तवा बघितलंय मी ते गाणं. रिक्षावाल्यानं खाकी शर्ट घातलाय नि तो पान खातो."

भाऊ त्यांच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"नसायला काय झालं?"

"मग बोलली का नायस?"

"तुमचा घोडा चांगला होता," वहिनी म्हणाल्या.

आजीने हे ऐकलं, आपल्या शाबूत डोळ्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, "पुढं सांग रं बाबा. घोड्याचं सांग."

पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टर दयाळू, पण घाईत होते. त्यांनी वहिनींसमोर बोटं धरली. वहिनी बघत राहिल्या. मग त्यांनी मान वळवली, खिडकीकडे.

"तिकडं उजेड हाय," त्या म्हणाल्या.

"आणि माझा हात?"

"उजेड हाय," वहिनी पुन्हा म्हणाल्या, समजूत घालावी तसं. कोणाची समजूत घालत होत्या कळेना.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, खात्री नाही म्हणून. त्यांचा दोष नव्हता. उजेड कळतो हेही काही कमी नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. आम्ही इक्बालभाईंनी आणलेल्या गाडीत बसलो. पनवेलपासून पेणपर्यंत भाऊ बोलले नाहीत. बाजूने डोंगर गेले, खाडी गेली, मिठागरं गेली. एरवी यातलं काहीही न सांगता त्यांनी सोडलं नसतं. वहिनींनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता.

इक्बालभाई गाडी लावायला गेले. भाऊंनी कुलूप काढलं. वहिनी उंबऱ्यात आल्या आणि तिथेच थांबल्या. मी सामान घेऊन मागे उभी होते. त्यांनी एकदा श्वास घेतला, मग पुन्हा एकदा, खोल.

"रंग दिलात?"

रंग वाळायला आम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, पंखा लावला होता. पण वास मागे राहील हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"नाय," भाऊ म्हणाले. "जुनाच हाय तो."

"जुन्या रंगाला असा वास?"

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

"मग इतकी वर्षं कसली होती भिंत?"

"चुन्याची," भाऊ म्हणाले. "पोपडे आलेली."

"नि आता?"

"निळी."

"खरंच?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. माझी साक्ष हवी होती. "खरंच निळी आहे, वहिनी," मी म्हटलं. "माझ्या साडीला अजून डाग आहे."

वहिनी चालत भिंतीपाशी गेल्या, तळवा ठेवला, थोडा फिरवला. मला वाटलं, आता हसतील. त्यांचा हात भिंतीवरून सरकत फोटोपर्यंत गेला. बोटं काचेवर थांबली.

"आई हसते?"

माझ्या मनात आलं, हो म्हणा. ही एक गोष्ट राहू द्या. कोणाचं काय बिघडतंय?

"वच्छे," ते म्हणाले, "फोटोत आई नाय राह्यली."

वहिनींची बोटं काचेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरली.

"छप्पर गळलं तवा पाणी गेलं आत. तोंड गेलं. हात हायत, मांडीवर ठेवलेले. नि लुगड्याचा काठ हाय."

"बांगड्या?"

"हायत. दिसतात."

"हिरव्या?"

"काळापांढरा हाय गो फोटो."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "ते इसरलेच मी."

त्यांनी काचेवरचा हात काढला. रडल्या नाहीत. मग चाचपत खाटेपाशी येऊन बसल्या आणि पदर सारखा केला, फोटो काढून घ्यायला बसतात तसा.

"आता माझं सांगा."

"तुझं काय?"

"मी कशी दिसते ते."

भाऊंचा आवाज आपोआप त्याच्या सवयीच्या जागी गेला. "तू ना, केस काळेभोर, अंबाडा घातलेला, कपाळ..."

"तसं नको," वहिनी म्हणाल्या. "आईचं सांगितलंत तसं सांगा."

भाऊ त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. एकदा मान खाली घातली, एकदा मिशीला हात लावला. मग वर बघितलं, आणि मला वाटतं, खूप दिवसांनी बघितलं.

"केस पांढरे झालेत," ते म्हणाले. "पुढचे सगळे. मागं थोडे काळे हायत. कपाळावर आठ्या हायत, तीन-चार, मधली खोल. डोळ्यांखाली काळं आलंय. गळ्याची कातडी सुटली."

ते एकेक सांगत होते आणि वहिनींचा हात त्यांच्यामागून आपल्या चेहऱ्यावर फिरत होता, केसांवर, कपाळावर, गळ्यापाशी.

"म्हातारी झाले ना?"

"झालीस."

वहिनींचा इतका मोकळा श्वास मी आधी कधी ऐकला नव्हता.

"शेजारणी सांगायच्या मला, केस पिकले म्हणून," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या सांगण्यातली वच्छी तशीच, काळ्या केसांची, तरणी. मला वाटायचं, ह्यांचा संसार तिच्याशी चाललाय. नि मी आपली इकडं एकटीच म्हातारी होते."

भाऊ बसल्या जागेवरून सरकून त्यांच्या पायांपाशी आले.

मला तिथे उभं राहवेना. सामान कोपऱ्यात ठेवून मी चहा टाकायला आत गेले. बिनसाखरेचा, चौघांना. पाणी ठेवलं, आलं ठेचलं. बाहेरून भाऊंचा आवाज येत होता, नेहमीसारखा मोठा नाही, फार हळू. मध्येच वहिनी काहीतरी विचारायच्या, ते थांबायचे, बघायचे आणि उत्तर द्यायचे. चहा उकळला तेव्हा त्यांचं सांगणं वहिनींच्या हातांपर्यंत आलं होतं.